खिशावरची पट्टी

दर अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलायचा,
म्हणजे त्याचं नाव बदलायचं.
माणूस तोच, टेबल तेच, गुटख्याने रंगलेले दात तेच.
चार दिवस घरी बसा म्हणायचा,
पाचव्या दिवशी नवी भरती, नवा फॉर्म,
आणि खिशावर शिवायला नव्या नावाची पट्टी,
तिचे वीस रुपये कापून.

शर्ट मात्र कंपनीचा. पहिल्या वर्षी मिळालेला, गडद निळा.
त्याच्यावर मी पाच वर्षांत चार नावं शिवली
अन् चार उसवली.
अंबडच्या लाइनवर माझ्या हातून
रोज साडेतीनशे हार्नेस जातात.
लाल वायर कुठे, पिवळी कुठे,
झोपेत विचारा.
पगारपावतीवरचं मात्र एक अक्षर कळत नव्हतं.

ते द्वारका गांगुर्डेने दाखवलं,
डबा खायच्या सुट्टीत, नळापाशी,
ओल्या बोटाने.
"हे बघ, पीएफ दोनदा कापलाय.
एकदा तुझा वाटा,
एकदा त्याचा. तोपण तुझ्याच पगारातून."
मी म्हटलं, चुकून झालं असेल.
ती हसली नाही.
"साठ जणींच्या पावत्या पाहिल्यात मी.
साठ वेळा कुणी चुकतं का गं?"

शनिवारी सुट्टी. सिडकोत, पिठाच्या गिरणीवर
युनियनचं ऑफिस.
गिरणी चालू झाली की टेबल थरथरतं,
रजिस्टरवर पिठाची साय.
यासीन तांबोळी, चष्म्याला दोरी बांधलेले,
पावती पुस्तकात कार्बन सरकवत म्हणाले,
"घाई नाही. घरी विचारून या."
घरी विचारलं होतं.
घरचे म्हणाले होते, काढून टाकतील.
फ्रिजचे सात हप्ते बाकी होते,
पोरीच्या क्लासची फी.
गिरणी थांबली तेवढ्यात मी सही केली.
सही सरळ आली.

मग त्यांनी विचारलं, पुरावा काय?
सलग काम केल्याचा? हजेरीकार्ड, गेटपास, काहीही?
गेटपास दर वेळी जमा करून घेतात.
पंचिंगचं मशीन त्यांचं.
कागदावर मी पाच वेळा
काल लागलेली मुलगी.

पाचवी पट्टी शिवायची होती त्या रात्री.
जुनी उसवायला ब्लेड लावलं,
दोरा ओढला, पट्टी हातात आली,
अन् खाली चौकोन.
बाकी शर्ट धुऊन धुऊन राखेसारखा झालेला,
तेवढाच तुकडा पहिल्या दिवसाइतका निळा.
त्याच्या कडेने भोकं, सुईची.
एक ओळ, तिला चिकटून दुसरी,
थोडी तिरकी तिसरी (तेव्हा पोरगी तापलेली होती),
चौथी.
मी दिव्याखाली मोजत बसले.
कुणीतरी माझी हजेरी
लिहून ठेवली होती,
आणि ते कुणीतरी मीच.

आयटीआय सिग्नलजवळच्या कामगार ऑफिसात
पिशवीतून शर्ट काढून टेबलावर पसरला.
साहेबांनी आधी शर्टाकडे पाहिलं, मग पंख्याकडे.
"बाई, कापड काय पुरावा असतो?
अर्ज करा. लेखी."
तांबोळीचाचा काही बोलले नाहीत.
तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला,
नऊ जणींच्या सह्या घेतल्या,
आणि खाली, सोबत जोडलेल्या कागदांच्या यादीत,
पगारपावत्या, बँकेचं पुस्तक यांच्यानंतर
सावकाश, चांगल्या अक्षरात:
शर्ट, एक नग.

शिक्का बसला.
पुढची तारीख बावीस.
निकालाचं कुणालाच माहीत नाही.
द्वारकाला विचारलं तर म्हणते, वेळ लागतो,
आणि क्रिम्पिंगच्या मशीनकडे वळते.

सध्या तिचाच जुना शर्ट घालते मी,
खांद्यात ढगळ. बाह्या दोनदा दुमडाव्या लागतात.
आज सुपरवायझरने लाइनवर थांबून विचारलं,
खिशावरची पट्टी कुठंय?
लाल वायर लालमध्ये बसवली.
म्हटलं, शर्ट साक्षीला गेलाय साहेब,
आल्यावर बघू.